लाह्या आणि गूळ : एका खाऊचा पाठ

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्याकडून एखादा इतिहासविषयक लेख अपेक्षित असणार हे उघड होते. मी इतिहासाचा शिक्षक. तथापि या वेळी मी एका खाऊविषयी लिहिणार आहे. ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि डाळे गुळाच्या पाकात घोळवून केलेला हा खाऊ बहुतेक वाचकांनी लहानपणी खाल्लेला असेल. तो घरी नीट कसा करावा आणि तो करताना काय समजून घ्यावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

पाठाचे निमित्त

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या एका पालकभेटीच्या रविवारची ही गोष्ट आहे. सातवीतील एका विद्यार्थ्याचे आईवडील ऊसतोडीचा हंगाम संपवून गावी परतत होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गेलेली ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात आणि मधले पाच-सहा महिने त्यांच्या मुलांना वसतिगृहाचाच आधार असतो. त्या माउलीने मुलासाठी एक पत्र्याचा डबा आणला होता. त्यात ज्वारीच्या लाह्यांचा गोड खाऊ होता.

संध्याकाळी मी वसतिगृहात फेरी मारली. इतर मुले दुकानातून आणलेली रंगीत पाकिटे उघडून बसली होती. या मुलाचा डबा मात्र पेटीत, कपड्यांच्या तळाशी होता. मी विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, ज्वारीचा आहे. पोरं हसतात."

मी त्याला काही उपदेश केला नाही. त्याच्या परवानगीने चिमूटभर खाऊ तोंडात टाकला. लाही कुरकुरीत होती, गुळाचा थर पातळ होता आणि एकही दाणा दुसऱ्याला चिकटलेला नव्हता. हे काम सोपे नाही. पुढच्या रविवारी मी स्वतः तो करावयास बसलो आणि पाक करपवून बसलो. कडू झालेला तो घाणा फेकून द्यावा लागला. जे मला एम. ए. होऊन जमले नाही, ते त्या माउलीला उसाच्या फडावरून परतताना, वाटेतल्या चुलीवर जमले होते. मग आम्ही पाच रविवार खर्चून हा खाऊ शिकलो. त्या अनुभवातून हा पाठ तयार झाला आहे.

शब्दांचा मागोवा

'लाही' हा शब्द फार जुना आहे. संस्कृतात 'लाजा' आणि पालीत 'लाज' म्हणजे भाजून फुललेले धान्य. 'गूळ' हा शब्दही पालीत 'गुळ' असाच आहे. 'साखर' या शब्दाचे पाली रूप 'सक्खरा'. त्याचा पहिला अर्थ खडा अथवा खडे असा असून दाणेदार साखर दिसावयास खड्यांसारखी, म्हणून तेच नाव तिला पडले. आपण स्वयंपाकघरात रोज उच्चारतो ते हे शब्द दोन हजारांहून अधिक वर्षे वापरात आहेत.

धम्मपदाच्या अट्ठकथेत एका मुलीची कथा आहे. ती भाताच्या शेताची राखण करीत होती आणि तेथेच लोंब्या भाजून लाह्या करीत होती. महाकस्सप थेर भिक्षेसाठी आलेले पाहून तिने त्या लाह्या त्यांच्या पात्रात घातल्या. परतताना तिला सर्पदंश झाला. पुढे ती 'लाजदेवधीता' म्हणून देवलोकी जन्मली, असे कथा सांगते. देवलोकाचा भाग आपण बाजूस ठेवू. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरीच नोंद घ्यावी : शेत राखणाऱ्या एका श्रमिक मुलीजवळ त्या दिवशी देण्यासारखे होते ते लाह्याच, आणि ग्रंथकारांना त्या लाह्यांची लाज वाटली नाही. त्यांनी तिला नावच लाह्यांचे दिले.

विनयपिटकाच्या महावग्गात तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांची हकिकत आहे. उक्कल देशाकडून प्रवास करीत आलेल्या या दोघांनी, नुकतीच संबोधी प्राप्त झालेल्या बुद्धांना 'मन्थ' आणि 'मधुपिण्डिक' अर्पण केले. मन्थ म्हणजे भाजलेल्या धान्याचा सातूसारखा पदार्थ आणि मधुपिण्डिक म्हणजे मधात वळलेला धान्याचा लाडू. लांबच्या वाटेवर न नासणारे, चूल न पेटवता खाता येणारे आणि थोडक्यात ताकद देणारे असे हे प्रवाशांचे अन्न होते. भाजलेले धान्य व गोड आवरण ही जोडी वाटसरूंची आहे. ऊसतोडीहून परतणाऱ्या आईने वाटेत तोच खाऊ करावा, यात आश्चर्य ते काय!

साहित्य

घरच्या चार-पाच माणसांना पुरेल असे हे प्रमाण आहे. वाटी म्हणजे आपली नेहमीची आमटीची मध्यम वाटी.

ज्वारीच्या लाह्या ८ वाट्या (यासाठी एक ते सव्वा वाटी ज्वारी लागते), भाजून सोललेले शेंगदाणे अर्धी वाटी, डाळे अर्धी वाटी, भाजलेले तीळ २ चमचे, बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी, साजूक तूप १ मोठा चमचा, पाणी २ मोठे चमचे, सुंठपूड पाव चमचा, मीठ १ चिमूट, खाण्याचा सोडा १ लहान चिमूट.

ज्वारी निवडताना दाणा टणक आणि काचेसारखा चमकणारा घ्यावा. पिठूळ, मऊ दाण्याच्या लाह्या नीट होत नाहीत. मोंढ्यातील भुसार दुकानदाराला "लाह्यांसाठी हवी" असे सांगितले की तो बरोबर माल दाखवितो. किडका अथवा फुटका दाणा वेचून काढावा, कारण ज्याचे आवरण फुटले आहे तो दाणा उमलत नाही.

गूळ शक्यतो गडद रंगाचा घ्यावा. फार पिवळाधमक गूळ दिसावयास छान असतो, परंतु रंग उजळविण्यासाठी त्यात काय घातले गेले असेल हे सांगता येत नाही. गुऱ्हाळात रसातील मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिक वापरण्याची जुनी रीत आहे. ती निर्धोक आहे. गुळात काही मिसळण्याचा प्रश्न आजचा नव्हे. महावग्गातच कंखारेवत या भिक्खूने गूळ करणारे लोक त्यात पीठ व राख घालताना पाहिले आणि असा गूळ भिक्खूंनी अवेळी खावा की नाही, अशी शंका त्याला आली. पीठ घालतात ते गूळ घट्ट व्हावा म्हणून, असे चौकशीअंती कळले आणि तो गूळच मानून घेण्यास बुद्धांनी अनुमती दिली. आधी कारण विचारावे, मग निर्णय करावा, हा धडा स्वयंपाकघरातही उपयोगी आहे.

लाह्या करण्याची कृती

१. आदल्या रात्री पातेल्यात पाणी उकळावे. त्यात ज्वारी घालून मिनिटभरात चाळणीवर निथळावी.

२. निथळलेली ज्वारी जाड सुती कापडात बांधून रात्रभर ठेवावी. सकाळी ती सावलीत तासभर पसरावी. दाण्याचे अंग कोरडे व्हावे, पण आतील ओल राहावी, एवढेच साधावयाचे. उन्हात वाळवू नये.

३. लोखंडी कढई मोठ्या आचेवर चांगली तापवावी. पाण्याचा थेंब टाकताच तो नाचून उडून गेला म्हणजे कढई तयार झाली, असे समजावे.

४. एका वेळी मूठभरच ज्वारी टाकावी. सुती कापडाची घडी करून तिने दाणे भरभर फिरवीत राहावे. लाह्या तडतडून उडू लागल्या की वर जाळीचे झाकण धरावे. तडतड थांबताच कढई रिकामी करावी, नाहीतर लाही करपते.

५. गार झाल्यावर लाह्या मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून न फुटलेले दाणे वेगळे करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु टाळू नये. पाकात लपलेला एक कडक दाणा दाताचे नुकसान करतो.

दाणा उमलतो तो कशामुळे? दाण्याच्या आत थोडे पाणी असते. कढईच्या उष्णतेने त्याची वाफ होते. पण टणक आवरणामुळे तिला बाहेर पडता येत नाही. आतला दाब वाढत जातो, पिष्ट मऊ होते आणि अखेर आवरण फाटून ते फेसासारखे फुगून बाहेर येते. मक्याच्या लाहीसाठी दाण्यात सुमारे १४ टक्के ओल असावी लागते, असे शास्त्र सांगते. ज्वारीचे तत्त्वही तेच. आदल्या रात्री ज्वारी कापडात का बांधावयाची, याचे उत्तर यात आहे. आपल्या आयाआज्यांनी हे 'टक्के' मोजले नव्हते. हाताला लागणाऱ्या ओलीवरून त्या ते जाणत होत्या.

पाक आणि घोळवणी

पाक करण्यापूर्वी लाह्या, शेंगदाणे, डाळे व तीळ एका मोठ्या परातीत एकत्र करून ठेवावेत. दुसऱ्या परातीला तुपाचा हात लावून ठेवावा. पाक तयार झाल्यावर भांडी शोधावयास वेळ मिळत नाही. माझा पहिला घाणा करपला तो याच कारणाने.

जाड बुडाच्या कढईत तूप, गूळ व पाणी घालून मंद आचेवर गूळ विरघळू द्यावा. काडीकचरा दिसल्यास या वेळीच गाळून घ्यावे. मग मध्यम आचेवर ढवळीत राहावे. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते लहान व दाट होतात आणि रंग गडद होऊ लागतो. येथून पुढे डोळे कढईवरून हलवू नयेत.

पाकाची परीक्षा वाटीभर गार पाण्यात घ्यावी. थेंब पाण्यात टाकल्यावर पसरला, तर पाक कच्चा आहे. बोटांनी मऊ गोळी वळता आली तर तो गोळीबंद झाला. हा लाडवांना चालतो, आपल्या खाऊला नाही. आपल्याला आणखी थोडे पुढे जावयाचे आहे. गोळी टणक होऊन ताटलीवर टाकताच टणकन वाजली आणि दातांना न चिकटता मोडली, म्हणजे पाक झाला. कारण असे की, पाणी उडत जाते तसा पाक दाट होतो आणि त्याचे तापमान चढत जाते. साखरेच्या पाकात मऊ गोळी ११५ अंश सेल्सिअसच्या सुमारास होते आणि कडक, मोडणारा पाक १५० अंशांच्या आसपास. गुळात इतर घटकही असल्यामुळे तो साखरेपेक्षा लवकर करपतो. म्हणून घड्याळापेक्षा पाण्याची वाटी अधिक विश्वासाची.

पाक होताच आच बंद करावी. मीठ, सुंठ व सोडा घालून एकदा ढवळावे. सोड्याने पाक फसफसून हलका होतो, त्यामुळे थर पातळ बसतो. तो ताबडतोब लाह्यांवर ओतून दोन लांब उलथन्यांनी खालून वर, हलक्या हाताने घोळवावे, दाबू नये. सर्व दाण्यांना थर लागला की मिश्रण तूप लावलेल्या परातीत पातळ पसरावे आणि कोमट असतानाच गाठी मोकळ्या कराव्यात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. कोरड्या हवेत हा खाऊ पंधरवडा टिकतो. श्रावणात मात्र गूळ हवेतील ओल ओढून घेतो व लाह्या सादळतात. अशा वेळी थोडाच करावा.

एक इशारा : उकळता पाक पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून राहतो. मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. शेंगदाणे असल्यामुळे अगदी लहान बाळांना हा खाऊ देऊ नये. गूळ हा औषध नव्हे, तोही साखरच. मधुमेही व्यक्तींनी मोह आवरावा.

वसतिगृहासाठी प्रमाण वाढविताना आम्ही एक चूक केली. दहापट लाह्यांवर दहापट पाक एकदम ओतला. अर्ध्या परातीपर्यंत पोहोचेतो तो घट्ट झाला आणि खाऊचा दगड झाला. म्हणून कितीही मुले असोत, घाणे लहानच करावेत.

ज्वारीची लाज कोठून आली?

आता त्या मुलाच्या वाक्याकडे परत येऊ. "ज्वारीचा आहे. पोरं हसतात." इतिहासाच्या शिक्षकाला या वाक्याने स्वस्थ बसू दिले नाही.

मराठवाड्यात ज्वारी हे कष्टकऱ्यांचे रोजचे अन्न. गहू सणावारी, तोही ज्याला परवडेल त्याला. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीही उरली नाही. तेव्हा परदेशातून आलेली लालसर 'मिलो' रेशनवर मिळू लागली आणि दुष्काळी कामांवर 'सुकडी' वाटली जाऊ लागली. भाजलेले पीठ आणि गोडी असेच तिचे स्वरूप. माझी माय खडी फोडावयास जात असे आणि मी कडेवरचा होतो. मिलोची भाकरी ती पुढे कधीच विसरली नाही, आणि कागदाच्या पुडीतील सुकडीही. "तोंडात गोड लागायची, पन हात पसरून घ्यावी लागायची," असे ती म्हणत असे. ज्वारीशी, पिठाशी, गुळाशी अशा रीतीने गरिबीची आठवण जोडली गेली. पुढच्या पिढीने ती आठवण विसरण्यासाठी पाकिटे जवळ केली. मी त्यांना दोष देत नाही.

पण पाकिटात काय असते, हेही पाहावे. अमेरिकेतील बॅटल क्रीक या गावी १८९४ मध्ये केलॉग बंधूंना एका आरोग्यधामात धान्याच्या पातळ पापुद्र्यांची कृती साधली. थोरले बंधू डॉक्टर होते आणि साखरेला त्यांचा विरोध होता. धाकट्याने तिचा वापर केला व १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. १९३९ मध्ये अमेरिकेत फुगविलेल्या गव्हावर गोड थर चढवून 'रेंजर ज्यो' नावाने विकला जाऊ लागला. म्हणजे ज्या रंगीत पाकिटापुढे आपला मुलगा डबा लपवितो, त्या पाकिटातही फुललेले धान्य आणि त्यावर गोड थर असतो. त्याच्या डब्यातही तेच होते. फरक रंगाचा, जाहिरातीचा आणि किमतीचा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि आता ज्वारीच्या लाह्याच शहरातील मोठ्या दुकानांत महाग पाकिटांतून विकल्या जातात. ती पाकिटे कोणी पेटीत लपवीत नाही.

आपल्या माणसांनी काय खाल्ले, कसे शिजविले, याची नोंद आपणच ठेवली पाहिजे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची अशी नोंद केली आहे. प्रत्येकाला ग्रंथ लिहिणे शक्य नाही. पण आईच्या हातची एक कृती वहीत उतरवून घेणे प्रत्येकास शक्य आहे.

त्या मुलाची आई पुढच्या वर्षी हंगाम संपवून आली, तेव्हा मुलांनी केलेला खाऊ आम्ही तिच्यापुढे ठेवला. तिने चार दाणे तोंडात टाकले, क्षणभर चावले आणि म्हणाली, "पाक जरा जास्तच झाला सर. पन लाही चांगली उमललीय." मुले हसली. तिचा मुलगाही हसला, आणि पाक नेमका केव्हा उतरवावा हे त्याने तिलाच विचारले. ती चुलीपाशी बसली आणि पुढचा घाणा तिने शिकविला. वर दिलेली गोळी टणकन वाजण्याची खूण तिचीच आहे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील सर्वांत वयस्कर स्त्रीला लाह्या करण्याची रीत विचारा. तिच्याच शब्दांत वहीत लिहा. शब्द 'सुधारू' नका.

२. वरील प्रमाणात खाऊ करा. ज्वारी, गूळ, शेंगदाणे, डाळे व इंधन यांचा खर्च मांडा आणि तेवढ्याच वजनाच्या एका पाकिटाच्या किमतीशी तुलना करा.

३. ओलवून ठेवलेली मूठभर ज्वारी आणि कोरडी मूठभर ज्वारी वेगवेगळी भाजा. न फुटलेले दाणे मोजा. फरकाचे कारण लिहा.

४. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या व्यक्तीला मिलो आणि सुकडीविषयी विचारा. ऐकताना मध्ये बोलू नका.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी पहिल्या स्वाध्यायाची उत्तरे शाळेकडे पाठविल्यास पुढील स्मरणिकेसाठी त्यांचा संग्रह करता येईल.

जय भीम. भवतु सब्ब मंगलं.